शोधनिबंध मोजणे थांबवा, संशोधन होऊ द्या : राज्यातील कुलगुरूंना आणि उच्च व तंत्रशिक्षण विभागाला खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांचे मा. कुलगुरू,
अभ्यासमंडळांचे आणि संशोधन समित्यांचे सदस्य,
तसेच उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन

स.न.वि.वि.

मी पश्चिम महाराष्ट्रातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते. इव्होल्यूशनरी कम्प्युटेशन, म्हणजे उत्क्रांतीच्या तत्त्वावर चालणारे संगणन, हा माझा विषय. पीएच.डी.चे विद्यार्थीही मी याच विषयात घेते. यंदा एकाच पंधरवड्यात माझ्या टेबलावर दोन कागद आले. पहिला होता नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा. त्यातून हा ऐच्छिक विषय काढून टाकलेला होता आणि त्या जागी चॅटबॉट व तयार एआय टूल्स वापरण्याचा विषय घातलेला होता. दुसरे होते संशोधन कक्षाचे परिपत्रक. प्रत्येक शिक्षकाने वर्षाला ठरावीक संख्येने स्कोपस या आंतरराष्ट्रीय सूचीतल्या नियतकालिकांतले शोधनिबंध दिलेच पाहिजेत, न दिल्यास वार्षिक मूल्यमापनात त्याची नोंद होईल, असे त्यात होते. म्हणजे विषय शिकवू नका, पण त्यातले निबंध मात्र काढा. दोन्ही कागद मी वरिष्ठांकडे लेखी हरकतीसह परत पाठवले. उत्तर आले नाही. हा प्रश्न माझ्या एका महाविद्यालयापुरता असता तर मी तिथेच भांडत राहिले असते. पण नाशिक, नांदेड, अमरावती, रत्नागिरी इथले सहकारी भेटतात तेव्हा तेही हेच सांगतात. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

या विषयाशी ज्यांचा संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. एखाद्या अवघड प्रश्नाचे उत्तर सूत्राने निघत नाही आणि शक्यता इतक्या असतात की एकेक तपासायला जन्म पुरणार नाही. अशा वेळी संभाव्य उत्तरांचा एक समूह घ्यायचा, त्यातली बरी उत्तरे निवडायची, त्यांचा संकर करायचा, अधूनमधून एखादा यादृच्छिक बदल करायचा आणि पिढ्यामागून पिढ्या हे चालू ठेवायचे. १९६०च्या दशकात बर्लिनमध्ये रेशेनबर्ग आणि श्वेफेल यांनी या वाटेने प्रयोग सुरू केले. १९७५ मध्ये मिशिगनच्या जॉन हॉलंड यांनी जेनेटिक अल्गोरिदमला, म्हणजे याच पद्धतीच्या एका गाजलेल्या रूपाला, सैद्धांतिक पाया दिला. २००६ मध्ये नासाच्या एसटी-५ मोहिमेतील छोटे उपग्रह अवकाशात गेले तेव्हा त्यांच्यावर असा अँटेना होता, ज्याचा वाकडातिकडा आकार अशाच अल्गोरिदमने शोधला होता. हाताने आराखडा काढणाऱ्या अभियंत्याला तो आकार सुचला नसता.

या विषयात भारत मागे राहिलेला देश नाही, हे मला आपल्याला ठासून सांगायचे आहे. १९९४ मध्ये एन. श्रीनिवास आणि कल्याणमय देब यांनी आयआयटी कानपूरमधून एनएसजीए ही पद्धत मांडली. एकमेकांच्या विरोधात जाणारी अनेक उद्दिष्टे एकाच वेळी कशी सांभाळायची, याचे ते उत्तर होते. पुढे देब यांनी कानपूरला कानगॅल ही प्रयोगशाळा उभी केली आणि २००२ मध्ये अमृत प्रताप, समीर अगरवाल आणि टी. मेयारिवन यांच्यासह एनएसजीए-टू प्रसिद्ध केली. तो निबंध आजवर चाळीस हजारांहून अधिक वेळा उद्धृत झाला आहे. विमानाच्या पंखापासून औषधाच्या रेणूपर्यंत ही पद्धत जगभर वापरली जाते. देब यांना २००५ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला, आणि २०१३ मध्ये ते अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात गेले.

त्या २००२ च्या निबंधाची सुरुवात मी दरवर्षी विद्यार्थ्यांकडून वाचून घेते. लेखकांनी आरंभीच अशा जुन्या पद्धतींवरचे तीन आक्षेप मांडले आहेत, आणि त्या पद्धतींत त्यांची स्वतःची पद्धतही आली : क्रमवारी लावायला फार गणिती कष्ट पडतात, चांगली उत्तरे पुढच्या पिढीत टिकतील याची सोय नाही, आणि वापरणाऱ्याला एक जास्तीचा आकडा अंदाजाने ठरवावा लागतो. मग एकेक उणीव कशी दूर केली ते दाखवले आहे. आणि त्या पद्धतीचा सी भाषेतला कोड प्रयोगशाळेने सर्वांसाठी खुला ठेवला. मी एम.टेक. करताना तोच कोड उतरवून घेऊन, ओळ ओळ वाचून हा विषय शिकले. पैसे द्यावे लागले नाहीत, कुणाची ओळख लागली नाही. या क्षेत्रातले भारतीय संशोधन वाढले ते अशा कामामुळे. आधीच्या कामाचे दोष स्वच्छ सांगितले गेले आणि सुधारणा इतरांना तपासता येईल अशी ठेवली गेली.

महाराष्ट्राचा वाटाही लहान नाही, तो आपल्याकडे कुणी सांगत नाही इतकेच. पुण्यात पाषाणला असलेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बी. डी. कुलकर्णी, व्ही. के. जयरामन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्येच मुंग्यांच्या वाट शोधण्यावर बेतलेली अँट कॉलनी पद्धत रासायनिक कारखान्यांच्या बॅच उत्पादनाचा आराखडा आणि वेळापत्रक ठरवण्यासाठी वापरली. मार्को डोरिगो आणि सहकाऱ्यांचा या पद्धतीवरचा गाजलेला निबंध १९९६ चा. म्हणजे चारच वर्षांत पाषाणमध्ये त्यावर स्वतःचे काम उभे राहिले होते. २००४ मध्ये याच गटाने, पी. एस. शेलोकर यांच्यासह, माहितीचे गट पाडण्यासाठी मुंग्यांची पद्धत वापरून दाखवली. पवईला आयआयटी मुंबईत व्ही. ज्योतिप्रकाश आणि आर. अरुणकुमार यांनी २०१३ मध्ये कोयनेच्या जलविद्युत निर्मितीचे नियोजन उत्क्रांती अल्गोरिदमने करून पाहिले. तिथेच सुरभी गौर आणि एम. सी. देव यांनी २००८ मध्ये जेनेटिक प्रोग्रॅमिंगने समुद्राच्या लाटांची उंची ३, ६, १२ आणि २४ तास आधी वर्तवण्याची पद्धत मांडली.

या लाटांच्या निबंधापाशी मला जरा थांबायचे आहे. अरबी समुद्रापासून काही किलोमीटरवर असलेल्या संस्थेत झालेले हे काम, पण त्यात वापरलेल्या नोंदी मेक्सिकोच्या आखातातल्या दोन ठिकाणच्या आहेत. पंधरा वर्षांची मालिका, त्यातली पाच वर्षे केवळ पडताळणीसाठी. समुद्रात तरंगणाऱ्या मोजणी-यंत्रांची, म्हणजे बोयांची, माहिती ठेवणाऱ्या अमेरिकी केंद्राच्या अशा नोंदी जगातला कुणीही संकेतस्थळावरून उतरवून घेऊ शकतो. संशोधकाला अशी मालिका लागतेच, आणि जिथे ती सहज मिळते तिथल्या समुद्रावर तो काम करतो. यात संशोधकांचा काही दोष नाही. हर्णै, मालवण, वेंगुर्ल्याच्या मच्छीमाराला त्या पद्धतीचा उपयोग व्हावा असे वाटत असेल, तर त्याच्या समुद्राची मालिका तितक्याच सहज मिळायला हवी.

आता तक्रारी सांगते.

सर्वांत मोठी तक्रार मोजणीची आहे. या क्षेत्राला गेल्या पंधरा-वीस वर्षांत एक रोग जडला आहे. लांडगा, देवमासा, वटवाघूळ, काजवा, कोकिळा, कसल्याही प्राण्याचे नाव घ्यायचे, त्याच्या शिकारीचे किंवा उडण्याचे वर्णन करायचे, जुन्याच समीकरणांत दोन गुणक बदलायचे आणि नवा अल्गोरिदम म्हणून निबंध छापायचा. २०१५ मध्ये अँटवर्प विद्यापीठाच्या केनेथ सोरेन्सन यांनी यावर कडक टीका केली. डोरिगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांडगा, काजवा, वटवाघूळ यांच्या पद्धती समीकरणांपर्यंत उकलून पाहिल्या आणि त्यांत नवे काही नसल्याचे दाखवले. या विषयातल्या काही चांगल्या नियतकालिकांनी केवळ रूपकावर उभे असलेले निबंध स्वीकारणार नाही असे धोरणच जाहीर केले.

दोष फक्त नावीन्याचा असता तरी मी इतके लिहिले नसते. यातल्या कित्येक पद्धतींची चाचणीच सदोष असते. नव्या अल्गोरिदमची परीक्षा ठरावीक गणिती फलनांवर (फंक्शन्सवर) घेतात. त्यांतल्या बहुतेक जुन्या फलनांचे योग्य उत्तर बरोबर शून्यावर, मध्यभागी असते. ज्या पद्धतीची समीकरणेच दर फेरीला आकडे शून्याकडे ओढतात, ती काहीही न शोधता उत्तरावर पोचते आणि तक्त्यात पहिली येते. तेच उत्तर जरा बाजूला सरकवले की ती ढासळते. झेक संशोधक याकुब कुडेला यांनी २०२२ मध्ये हा दोष प्रसिद्ध पद्धतींवर दाखवून दिला. त्यावरचा उपायही फार पूर्वीपासून उपलब्ध आहे. उत्तर सरकवलेली आणि अक्ष फिरवलेली चाचणी-फलने २००५ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये वापरली जातात. एका दुपारचे काम आहे. तरी माझ्याकडे परीक्षणासाठी येणाऱ्या प्रबंधांत ही साधी चाचणी बहुधा नसते. मी ती करायला सांगितली की उत्तर येते, "मॅडम, निबंध तर छापून आलाय, आता कशाला?"

त्या विद्यार्थ्यावर मी रागावू शकत नाही. त्याला तसे वागायला आपण शिकवले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध आणि परिषदांतली दोन सादरीकरणे सक्तीची होती. नोव्हेंबर २०२२ च्या नव्या नियमांत आयोगाने ती सक्ती काढली. परंतु मी ज्या संशोधन केंद्रांवर जाते, तिथे ती अट तोंडी चालूच आहे, आणि वाढलेल्या संख्येसह. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने मान्य नियतकालिकांची केअर यादीही बंद केली आणि नियतकालिके पारखण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली. संस्थांनी पारख करण्याऐवजी दुसरी यादी हाताशी धरली. यादीत नाव असले की निबंध चांगला, एवढीच परीक्षा उरली. यादीवर विसंबण्याचे काय होते हे २०२३ मध्ये जगाने पाहिले. त्या एका वर्षात वायली या प्रकाशकाने हिंदावी या आपल्या शाखेतले आठ हजारांहून अधिक निबंध मागे घेतले आणि काही नियतकालिके बंद केली. बंद झालेल्यांत कम्प्युटेशनल इंटेलिजन्स या आमच्याच विषयाचे नाव मिरवणारे एक नियतकालिक होते. त्याआधी ते वर्षानुवर्षे याद्यांमध्ये सन्मानाने नांदत होते.

आणि हे निबंध छापायला पैसे कोण भरतो? तासिका तत्त्वावर काम करणारा शिक्षक, किंवा अजून फेलोशिप हाती न आलेला विद्यार्थी. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थ्यांना आंदोलनाला बसावे लागले, हे साऱ्या राज्याने पाहिले आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने प्रकाशन शुल्कासाठी आईच्या बांगड्या गहाण ठेवल्या. मला ते नंतर कळले. तो निबंध कुणी वाचला असेल असे मला वाटत नाही. तिच्याकडे दुसरे एक फार चांगले काम होते. एका प्रसिद्ध पद्धतीचे जाहीर झालेले निकाल पुन्हा मिळतात का, हे तिने वर्षभर खपून तपासले होते आणि ते मिळत नाहीत हे दाखवले होते. समितीने सांगितले, यात नवीन अल्गोरिदम कुठे आहे? माझ्या मते त्या वर्षी आमच्या केंद्रावर झालेले ते सर्वांत मोलाचे संशोधन होते.

दुसरी तक्रार गणनक्षमतेची. हा विषय यादृच्छिकतेवर चालतो, त्यामुळे एकदा चालवून मिळालेल्या निकालाला किंमत नसते. निदान तीस वेळा, वेगवेगळ्या आरंभबिंदूंपासून चालवून संख्याशास्त्रीय कसोटी लावावी लागते. हिशेब करून पाहा. समूहात १०० उत्तरे आणि २०० पिढ्या घेतल्या तर एका वेळेला २०,००० मूल्यमापने होतात. पुराचे किंवा धातूच्या ओतकामाचे एक सिम्युलेशन दोन मिनिटांत उरकते असे धरले, तरी एका वेळेला ४०,००० मिनिटे, म्हणजे जवळपास २८ दिवस लागतात. तीस वेळा करायचे तर सव्वादोन वर्षे. प्रयोगशाळेतल्या एका संगणकावर हे होणे नाही. पण या पद्धतीचा एक मोठा गुण असा की प्रत्येक उत्तराचे मूल्यमापन स्वतंत्र असते, कामाची वाटणी सहज होते. शंभर कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे शंभर गणनघटक, मिळाले तर तीच सव्वादोन वर्षे आठ-नऊ दिवसांवर येतात.

हे कोअर आपल्या राज्यात आहेत. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणन संशोधन संस्थेने परम ८००० हा महासंगणक १९९१ मध्ये पुण्यातच बनवला. तिथलाच परम सिद्धी-एआय नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत ६३ वा होता. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत परम ब्रह्म आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये परम रुद्र मालिकेतल्या तीन महासंगणकांचे लोकार्पण झाले, त्यांतला एक पुणे जिल्ह्यातल्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीसाठी आहे. राष्ट्रीय महासंगणन अभियान २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांच्या तरतुदीसह सुरू झाले. या सगळ्याचा मला अभिमान आहे. पण सांगली, बीड किंवा गोंदियाच्या महाविद्यालयातल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला त्यातले शंभर कोअर दहा दिवसांसाठी हवे असतील तर त्याने कुणाकडे जायचे, कोणता अर्ज भरायचा, पैसे कुठल्या शीर्षाखाली दाखवायचे, हे त्याला सांगणारा माणूस त्याच्या विद्यापीठात नाही. म्हणून तो मूल्यमापनाला क्षणही न लागणारी सोपी गणिती फलने निवडतो आणि प्राण्याच्या नावाचा अल्गोरिदम लिहितो. पहिल्या तक्रारीचे मूळ बरेचसे इथे आहे.

तिसरी तक्रार प्रश्नांची आणि त्यांच्यासाठी लागणाऱ्या माहितीची. आमच्या विषयाला शोभतील असे प्रश्न या राज्यात पावलोपावली आहेत. कोयना घ्या. धरणाची साठवण १०५ टीएमसीच्या वर, जलविद्युत क्षमता १,९६० मेगावॉट. पाणी पश्चिमेला वळवले की वीज मिळते, पूर्वेला सोडले की कृष्णाकाठची शेती भिजते. पावसाळ्यात धरण लवकर भरून ठेवावे तर उन्हाळ्याची चिंता मिटते, रिकामी जागा ठेवावी तर पुराचा लोंढा अडवता येतो. २०१९ आणि २०२१ मध्ये सांगली-कोल्हापूरने काय भोगले हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या पुरांची कारणे अनेक होती आणि एखादा अल्गोरिदम तो पूर थांबवील असा दावा मी करणार नाही. पण वीज, सिंचन आणि पूरसुरक्षा ही तीन उद्दिष्टे जिथे एकमेकांशी झगडतात, तिथे एकच सर्वोत्तम उत्तर नसते. असतो तो पर्यायांचा संच, ज्यात एका उद्दिष्टात मिळवायचे तर दुसऱ्यात किती सोडावे लागेल हे स्वच्छ दिसते. एनएसजीए-टू नेमकी हाच संच काढून देते. निर्णय माणसांनीच घ्यायचा, पण किंमत माहीत असताना. एका विद्यार्थ्याने यावर काम करायचे ठरवले. तासागणिक आवक आणि विसर्गाच्या जुन्या नोंदी मागण्यासाठी तो एका कार्यालयात वर्षभर खेटे घालत होता. शेवटी त्याला छापील तक्त्यांच्या अस्पष्ट झेरॉक्स मिळाल्या, मधले महिने गाळलेल्या. त्याने विषय बदलला. केंद्र सरकारने राष्ट्रीय माहिती आदानप्रदान धोरण २०१२ मध्येच जाहीर केले आहे. जनतेच्या पैशाने गोळा झालेली माहिती जनतेला वापरता यावी, हा त्याचा गाभा.

कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमध्ये साच्यात धातू कोणत्या वाटेने सोडायचा म्हणजे नग कमी बाद होतील, इचलकरंजीत कोणत्या मागावर कोणते बीम कधी चढवायचे, एसटीच्या आगारात चालक-वाहकांच्या ड्युट्या कशा लावायच्या, हे सगळे आमच्याच विषयातले प्रश्न. उसाचे तर विचारू नका. तोडलेला ऊस जितका वाळतो तितका साखर उतारा घसरतो. कोणत्या गावची तोड कधी, टोळी कुठली, वाहन कोणते, गाळपाची क्षमता किती, यांचा मेळ प्रत्येक हंगामात शेती अधिकारी वहीवर घालतात. त्यांची वही हा अनुभवाचा मोठा ठेवा आहे. आमच्या विद्यार्थ्याने त्यांच्याशेजारी बसून एक हंगाम काढला तर दोघेही शिकतील. पण असा हंगाम काढण्याला संशोधन समितीच्या तक्त्यात रकाना नाही.

चौथी तक्रार विषय काढून टाकण्याची, जिने या पत्राची सुरुवात झाली. एआय शिकवायला हवे, त्याबद्दल दुमत नाही. पण तयार टूल वापरता येणे आणि शोध कसा चालतो हे कळणे यांत अंतर आहे. न्यूरल नेटवर्कची रचना ठरवायलाही उत्क्रांतीच्या पद्धती वापरतात. आणि हा विषय दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही हाताने शिकवता येतो. फळ्यावर आठ-दहा उमेदवार, फासा टाकून निवड, खडूने संकर. कुठलीही महाग यंत्रणा नको, इंग्रजी कच्चे असेल तरी अडत नाही. २०२१ पासून राज्यात मराठीतून संगणक अभियांत्रिकी शिकण्याची सोय सुरू झाली, तिथल्या मुलांसाठी तर संशोधनाच्या दारात नेणारा याहून सोपा रस्ता मला माहीत नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

उत्क्रांती संगणन हा ऐच्छिक विषय अभ्यासक्रमातून वगळण्याचा निर्णय जिथे झाला आहे वा होऊ घातला आहे, तिथे तो मागे घ्यावा आणि विषयासोबत प्रात्यक्षिकाचे तास द्यावेत.

पीएच.डी.साठी निबंधांची तोंडी सक्ती करणाऱ्या केंद्रांना विद्यापीठाने लेखी पत्र पाठवून ती थांबवावी. शिक्षकांवर वार्षिक निबंधसंख्येची सक्ती नको. पदोन्नतीसाठी शिक्षकाने स्वतः निवडलेली मोजकी कामे वाचून घ्यावीत, आणि ती त्या विषयातल्या माणसाने वाचावीत.

त्याऐवजी प्रबंधाची कसोटी कडक करावी. या विषयातल्या प्रत्येक प्रबंधासोबत चालणारा कोड आणि माहिती विद्यापीठाच्या भांडारात जमा करणे बंधनकारक असावे. उत्तर सरकवलेल्या फलनांवरची चाचणी, पुरेशा वेळा केलेली पुनरावृत्ती आणि संख्याशास्त्रीय कसोटी नसलेला प्रबंध समितीने परत पाठवावा. माझ्या विद्यार्थ्यांचे प्रबंधही याच कसोटीवर तपासावेत. दुसऱ्याच्या निकालांची प्रामाणिक फेरतपासणी हा पीएच.डी.चा मान्य विषय आहे, असे नियमावलीत स्पष्ट लिहावे.

उच्च व तंत्रशिक्षण विभागाने राज्यातील महासंगणन केंद्रांशी करार करून जिल्ह्यांच्या ठिकाणच्या महाविद्यालयांसाठी गणनाचे तास राखून घ्यावेत, त्यांचा खर्च विभागाने उचलावा, आणि प्रत्येक विद्यापीठात ते काम पाहणारा एक तांत्रिक अधिकारी नेमावा.

याच विभागाने जलसंपदा, परिवहन, साखर आयुक्तालय आणि बंदरांशी संबंधित खात्यांबरोबर बसून संशोधनासाठी माहिती देण्याची एक पद्धत ठरवावी. अर्ज कुठे करायचा, किती दिवसांत उत्तर मिळेल, नकार असेल तर कारण काय, एवढे तरी ठरलेले असावे. जी माहिती सुरक्षेसाठी देता येत नाही ती देऊ नये, त्याबद्दल आमचा आग्रह नाही.

फेलोशिप दरमहा, ठरल्या तारखेला मिळावी. विद्यार्थ्याकडून प्रकाशन शुल्क घेऊन निबंध छापण्याची गरज कोणत्याही नियमातून निर्माण होऊ नये. रिक्त पदे भरावीत. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या शिक्षकाकडून संशोधनाची अपेक्षा करायची असेल तर त्याला निदान पुढच्या सत्रात आपण इथे असू की नाही हे माहीत असले पाहिजे.

आणखी एक. या विषयातील सीईसी ही मोठी जागतिक परिषद आजवर भारतात भरलेली नाही. सील ही दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद २०१० मध्ये कानपूरला झाली होती. परदेश प्रवासाचा खर्च आमच्या विद्यार्थ्यांना झेपत नाही. राज्यातल्या एका तरी विद्यापीठाने दरवर्षी एक लहान, शुल्क नसलेली कार्यशाळा भरवावी. तिथे निबंध न छापता कोड चालवून दाखवावा, आणि ज्याचा प्रयोग फसला त्यालाही बोलायला वेळ मिळावा. ती भरवण्याची जबाबदारी घ्यायला मी आणि माझे काही सहकारी आजही तयार आहोत, आम्हाला सभागृह आणि विजेची सोय हवी.

या पत्राची प्रत संबंधित सर्व कार्यालयांना टपालाने पाठवली आहे. या मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का नाहीत, याचे लेखी उत्तर पुढील शैक्षणिक सत्राचा अभ्यासक्रम अंतिम होण्याआधी मिळावे, ही विनंती.

कळावे,

आपली विश्वासू,
पश्चिम महाराष्ट्रातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापिका व संशोधन मार्गदर्शक